बडीशेप आणि पाळीतली पोटदुखी : एका घरगुती औषधाचा इतिहास

पाळीत ओटीपोटात कळा येऊ लागल्या की आपल्याकडे घरातली मोठी बाई पहिला उपाय सांगते तो बडीशेपेचा. कुणी चमचाभर बडीशेप पाण्यात उकळून प्यायला देतं, कुणी ओवा आणि गूळ घालून काढा करतं, कुणी नुसतीच चावून खायला सांगतं. सरावली, डहाणू, तलासरीच्या या पट्ट्यात गुजरात हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे किराणा दुकानात एक गिऱ्हाईक बडीशेप मागतं आणि दुसरं वरियाळी. वस्तू एकच.

दवाखान्यात येणाऱ्या मुली आणि त्यांच्या आया मला या विषयावर दोनच प्रश्न विचारतात. बडीशेपेनं खरंच फरक पडतो का? आणि गोळी घेतली तर पुढे मूल व्हायला अडचण येईल का? दुसऱ्या प्रश्नाच्या भीतीपोटी कितीतरी मुली महिन्यातले दोन दिवस शाळा बुडवतात, पण गोळी घेत नाहीत. दोन्ही प्रश्नांची उत्तरं देता येतात. पण ती नीट पटायची असतील तर या बियांचा आणि या दुखण्याचा इतिहास माहीत असायला हवा. तो बराच लांबचा आहे आणि मध्येच एका मोठ्या औषधी दुर्घटनेपर्यंत जातो.

बडीशेप, शेपू आणि बाळंतशेप

आधी नावांचा गोंधळ दूर करू. आपण जेवणानंतर खातो ती बडीशेप. भाजी करतो तो शेपू. आणि बाळंतिणीला ओवा, तीळ, खोबऱ्याबरोबर भाजून देतात ती बाळंतशेप, म्हणजे शेपूचंच बी. बडीशेप आणि शेपू एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. जिरं, धणे, ओवा आणि गाजरही त्याच कुळातले. दिसायला बी सारखं, वासही थोडासा जवळचा, पण आतली तेलं वेगळी. बडीशेपेचा गोडसर वास ॲनेथॉल नावाच्या द्रव्याचा असतो. शेपूच्या बियांत मुख्यतः कार्व्होन आणि लिमोनीन असतं. त्यामुळे एकीवर झालेला प्रयोग दुसरीला जसाच्या तसा लागू होत नाही.

संस्कृत ग्रंथांत शेपूला शतपुष्पा आणि बडीशेपेला मिश्रेया किंवा मिशी म्हणतात. पण ही नावं पुढे एकमेकांत मिसळली. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात दोघींचा उल्लेख शेजारी शेजारी येतो आणि गुणही बरेचसे सारखे सांगितले आहेत. बाजारात तर आजही एकीच्या नावावर दुसरी विकली जाते. एखाद्या घरात ‘आजीची बडीशेप’ म्हणून जी दिली जाते ती प्रत्यक्षात बाळंतशेप निघते, असं आपल्याकडे सर्रास होतं. खायला दोन्ही चालतात. पण इथून पुढे मी बडीशेप म्हणेन तेव्हा मुखवासाची, गोड वासाची बडीशेपच समजा.

जुन्या वैद्यांना काय माहीत होतं

चरकसंहितेत स्त्रियांच्या वीस योनिव्यापदी, म्हणजे जननमार्गाचे वीस विकार, सांगितल्या आहेत. त्यातली एक ‘उदावर्ता’. तिचं लक्षण असं : पाळीचा स्राव मोठ्या कष्टानं, वेदना होऊन बाहेर पडतो आणि स्राव मोकळा झाला की बाईला लगेच बरं वाटतं. आजच्या पुस्तकात आम्ही साध्या पाळीच्या दुखण्याचं जे वर्णन वाचतो त्याच्याशी हे चांगलंच जुळतं. कारण वातदोषाच्या भाषेत सांगितलं आहे, ते आजच्या शास्त्राला धरून नाही. पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या वैद्यांनी हे दुखणं आजार म्हणून नोंदवलं आणि त्यावर उपचार सांगितले. ‘बाईच्या जातीला हे सोसायलाच हवं’ असं म्हणून सोडून दिलं नाही.

काश्यपसंहिता हा स्त्रिया आणि बालकांच्या आजारांवरचा जुना ग्रंथ. त्याची अपुरी हस्तलिखित प्रत नेपाळमध्ये मिळाली आणि १९३८ मध्ये ती छापून प्रसिद्ध झाली. त्यात शतपुष्पा आणि शतावरी या दोन वनस्पतींवर एक स्वतंत्र अध्याय आहे, आणि पाळीच्या तक्रारींवर शतपुष्पा सांगितली आहे. म्हणजे आपल्या आज्यांनी शेपाच्या बिया हाताशी ठेवल्या त्यामागे खरोखर जुनी परंपरा आहे. फक्त ग्रंथातली ती वनस्पती बहुधा शेपू आहे, बडीशेप नव्हे.

हे ज्ञान घराघरात पोचलं ते मराठी छापील पुस्तकांमुळेही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ मध्ये नाशिकला आयुर्वेद महामंडळाची सुरुवात केली. त्यांचं ‘आर्यभिषक्’ हे पुस्तक महाराष्ट्रात आणि गुजरातमध्येही घरगुती वैद्यकाचं पुस्तक म्हणून पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं. त्याच्या थोडं आधी, १८८६ मध्ये, आनंदीबाई जोशी अमेरिकेत डॉक्टर झाल्या तेव्हा त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. आपल्या बायकांचं जुनं वैद्यक आणि नवं वैद्यक एकमेकांसमोर ठेवून पाहण्याची गरज तेव्हापासूनच आहे.

मॅरेथॉन हे नाव कुठून आलं

आपल्या पालघर जिल्ह्यात वसई-विरारची मॅरेथॉन दरवर्षी गाजते. त्या शब्दात बडीशेप लपलेली आहे हे फार कमी जणांना माहीत असतं. ग्रीक भाषेत बडीशेपेला ‘मॅराथॉन’ म्हणत. अथेन्सजवळच्या ज्या मैदानाला हे नाव होतं तिथे इसवी सनपूर्व ४९० मध्ये ग्रीक आणि इराणी सैन्यांची लढाई झाली आणि पुढे त्या लढाईच्या कथेवरून शर्यतीला नाव मिळालं.

बडीशेप मूळची भूमध्य समुद्राच्या काठची. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या ग्रीक वैद्यानं ती बाळंतिणीला दूध येण्यासाठी सांगितली आहे. युनानी हकिमांच्या पुस्तकांत ती ‘बादियान’ या नावानं येते, आणि तिथे ती पाळी मोकळी करणाऱ्या औषधांत मोजली जाते. इराणात तिला ‘राझियाने’ म्हणतात. डहाणू-घोलवड भागात चिकूच्या वाड्या लावणारी इराणी कुटुंबं ज्या देशातून आली त्याच देशात पुढे बडीशेपेवरचे सर्वांत जास्त प्रयोग झाले. त्याबद्दल खाली येईलच. भारतात आज बडीशेप मुख्यतः गुजरात आणि राजस्थानात पिकते आणि मेहसाणा जिल्ह्यातलं उंझा ही तिची मोठी बाजारपेठ आहे. आपल्या दुकानात येते ती बहुतेक तिकडचीच.

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत पुस्तकात, बडीशेपेचं पाणी होतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम शहरातल्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये शेपूच्या तेलाचं ‘ग्राइप वॉटर’ काढलं. ते भारतात इतकं रुळलं की पोटातल्या वाताला शेपू किंवा बडीशेप हे समीकरण डॉक्टरी औषधातही पक्कं झालं.

म्हणजे ग्रीक, युनानी, आयुर्वेद आणि इंग्रजी, चारही परंपरा हे बी पोटासाठी आणि बायकांच्या तक्रारींसाठी वापरत आल्या. एवढ्या लोकांना अनुभव आला म्हणजे त्यात काहीतरी असेल, असं वाटणं साहजिक आहे. पण जुना वापर हा तपासायला घेण्याचं कारण असतो. तो पुरावा नसतो. रक्त काढणं, जळवा लावणं हेही उपाय चारही परंपरांत होते.

‘लग्न झालं की थांबेल’

आता दुखण्याच्या इतिहासाकडे वळू. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक लिखाणात तरुण मुलींच्या पाळीच्या त्रासावर उपाय सांगितला आहे तो लग्नाचा आणि गर्भारपणाचा. दोन हजारांहून जास्त वर्षं झाली तरी आपल्या घरात तेच वाक्य ऐकू येतं. बाळंतपणानंतर काही जणींचं दुखणं कमी होतं हे खरं आहे. पण पंधरा वर्षांच्या मुलीला हा उपाय म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे?

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधुनिक वैद्यकानंही फारसं बरं काही केलं नाही. तपासणीत काही सापडत नाही, मग हे दुखणं मनाचं असणार, मुलगी हळवी आहे, तिला बाईपण नकोसं वाटतं, अशी स्पष्टीकरणं त्या काळच्या पाठ्यपुस्तकांत सापडतात. चरकांनी जो आजार म्हणून नोंदवला तो आमच्या लोकांनी स्वभावदोष ठरवला. आजही एखादी मुलगी कळवळत असताना ‘नाटकं करते’ असं कुणी म्हणालं, तर तो त्याच जुन्या चुकीचा उरलेला भाग आहे.

लंडनच्या प्रयोगशाळेतली बडीशेप

१९३० च्या दशकात स्त्रीच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक नुकतंच ओळखू आलं होतं. ते प्राण्यांच्या शरीरातून मिळवणं फार खर्चिक होतं. लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातले चार्ल्स डॉड्स स्वस्त कृत्रिम पर्याय शोधत होते. बडीशेपेतल्या ॲनेथॉलपासून ‘ॲनॉल’ नावाचं एक द्रव्य तयार करता येतं. १९३७ मध्ये त्यांनी जाहीर केलं की ॲनॉल इस्ट्रोजेनसारखं जोरदार काम करतं. बायकांचं पाळीचं आणि दुधाचं औषध म्हणून हजारो वर्षं वापरलेल्या बियांत संप्रेरक सापडलं, असंच वाटावं.

पण पुन्हा प्रयोग केले तेव्हा कधी परिणाम दिसे, कधी दिसत नसे. शेवटी कळलं की शुद्ध ॲनॉलमध्ये तो जोर नाहीच. द्रव्य तयार करताना त्याचे दोन रेणू एकमेकांना जोडले जाऊन वेगळंच संयुग थोड्या प्रमाणात बनत होतं, आणि परिणाम त्याचा होता. या धाग्यावरूनच पुढे १९३८ मध्ये डायइथाइलस्टिल्बेस्ट्रॉल, म्हणजे ‘डीईएस’, हे स्वस्त आणि फार प्रभावी कृत्रिम इस्ट्रोजेन तयार झालं.

पुढची गोष्ट दुःखद आहे. १९४० च्या दशकापासून अमेरिकेत आणि इतरही देशांत गर्भपात टाळण्यासाठी म्हणून डीईएस गरोदर बायकांना दिलं जाऊ लागलं. १९५० च्या दशकात नीट प्रयोग झाला तेव्हा त्यानं गर्भपात टळत नाही असं दिसलं, तरी देणं चालूच राहिलं. १९७१ मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी लिहिलं की काही तरुण मुलींना योनीचा अतिशय दुर्मीळ कर्करोग झाला आहे. अशा ८ मुलींपैकी ७ जणींच्या आयांनी गरोदरपणात डीईएस घेतलं होतं. औषध आईनं घेतलं आणि आजार मुलीला झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनानं गरोदरपणात ते देऊ नका, असा इशारा दिला.

ही हकीकत मी बडीशेपेची भीती घालायला सांगत नाही. बडीशेप म्हणजे डीईएस नव्हे. बडीशेपेचा इस्ट्रोजेनसारखा परिणाम असलाच तर फार क्षीण आहे. पण यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, ‘झाडपाल्यातून आलं म्हणजे निरुपद्रवी’ हे वाक्य चुकीचं आहे, आणि ‘प्रयोगशाळेतून आलं म्हणजे पक्कं’ हेही. दोन, अनुभवाच्या जोरावर दिलेलं औषध तपासून घ्यावंच लागतं, मग ते आजीचं असो की प्रोफेसरांचं.

दुखण्याचं खरं कारण सापडतं

१९५७ मध्ये पिकल्स नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञानं एक साधी, पण तोवर कुणी फारशी न केलेली गोष्ट केली. पाळीचा स्रावच तपासला. त्यात स्नायूंना आकुंचन करायला लावणारं एक द्रव्य त्यांना सापडलं. पुढच्या काही वर्षांत ती द्रव्यं म्हणजे प्रोस्टाग्लँडिन हे स्पष्ट झालं, आणि ज्यांची पाळी जास्त दुखते त्यांच्यात ती जास्त असतात हेही दिसलं.

घडतं ते असं. गर्भ राहिला नाही की प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि गर्भाशयाचं आतलं अस्तर सुटू लागतं. त्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन बाहेर पडतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू जोरात आवळला जातो, रक्तवाहिन्या आकसतात आणि स्नायूला रक्त कमी पडतं. हात घट्ट बांधून मूठ आवळत राहिलात तर हात जसा दुखेल, तसंच हे. हीच द्रव्यं रक्तातून फिरली की मळमळ, जुलाब, डोकेदुखी होते. पाळीत पोट बिघडतं ते ‘काहीतरी खाल्लं’ म्हणून असतंच असं नाही.

१९७१ मध्ये जॉन वेन यांनी दाखवलं की ॲस्पिरिनच्या गटातली औषधं प्रोस्टाग्लँडिन तयारच होऊ देत नाहीत. १९८२ मध्ये त्यांना दोन स्वीडिश शास्त्रज्ञांबरोबर नोबेल मिळालं. मेफेनामिक ॲसिड आणि आयबुप्रोफेन ही औषधं १९६० च्या दशकातली. आयबुप्रोफेन तयार झालं तेही नॉटिंगहॅममध्येच, ग्राइप वॉटरच्या गावात. पाळीच्या दुखण्यावर ही औषधं का लागू पडतात हे आता समजलं. ती नुसतं दुखणं दाबत नाहीत, कळ निर्माण करणारं द्रव्यच कमी करतात. म्हणून दुखणं शिगेला पोचल्यावर घेण्यापेक्षा सुरुवातीलाच घेतलेली गोळी जास्त उपयोगी पडते.

मग बडीशेप कुठे बसते?

२००१ मध्ये तेहरानच्या शास्त्रज्ञांनी उंदरांच्या गर्भाशयावर प्रयोग केला. प्रोस्टाग्लँडिन देऊन गर्भाशय आवळायला लावलं आणि मग बडीशेपेचं तेल दिलं. आकुंचन कमी झालं. म्हणजे परिणामाला काही आधार आहे.

२००३ मध्ये शिराझमधला अभ्यास प्रसिद्ध झाला. ३० तरुणींना एका पाळीत मेफेनामिक ॲसिड आणि दुसऱ्या पाळीत बडीशेपेच्या अर्काचे थेंब दिले. दोन्हींनी दुखणं कमी झालं. दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी मेफेनामिक ॲसिड जास्त प्रभावी ठरलं. काही जणींनी बडीशेपेच्या वासाला कंटाळून प्रयोग सोडला. २००६ मध्ये केरमानमधल्या ११० विद्यार्थिनींच्या अभ्यासात दोन्हींचा परिणाम जवळपास सारखा दिसला. २०२० मध्ये असे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हाही हेच चित्र दिसलं : बडीशेप काहीच न देण्यापेक्षा बरी, आणि नेहमीच्या गोळीच्या आसपास.

इथे थांबून विचार करायला हवा. हे अभ्यास छोटे आहेत आणि त्यातले बरेचसे एकाच देशातले आहेत. शिवाय बडीशेपेचा वास लपवता येत नाही. आपण काय घेतोय हे मुलीला कळलं की तिची अपेक्षा दुखण्यावर परिणाम करते. पाळीच्या दुखण्यात नुसत्या साखरेच्या गोळीनंही काही जणींना बरं वाटतं. म्हणूनच २०१६ मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ प्रयोग आणि ३,१०१ स्त्रियांची माहिती तपासून निष्कर्ष काढला की पाळीच्या दुखण्यावरच्या कुठल्याही पूरक पदार्थासाठी उच्च दर्जाचा पुरावा नाही. युरोपच्या औषध संस्थेनं पाळीतल्या सौम्य कळांसाठी बडीशेपेच्या चहाला मान्यता दिली आहे, पण ‘पारंपरिक वापर’ या सदराखाली. म्हणजे वर्षानुवर्षांचा वापर पाहून, पक्का प्रयोग पाहून नव्हे.

माझं उत्तर असं : सौम्य दुखण्याला बडीशेप घेऊन पाहायला हरकत नाही. बऱ्याच जणींना थोडा आराम पडेल. पण ज्या मुलीला दुखण्यानं उभं राहवत नाही, तिला फक्त बडीशेपेवर ठेवणं योग्य नाही.

घ्यायची तर कशी

- सपाट चमचाभर, म्हणजे साधारण २ ग्रॅम, बडीशेप खलात थोडी ठेचा. कपभर उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, १० ते १५ मिनिटांनी गाळून प्या. खळाखळा उकळत ठेवू नका, उपयोगी तेल वाफेबरोबर उडून जातं.
- पाळीचे पहिले दोन-तीन दिवस, दिवसातून दोन-तीन वेळा पुरे. महिनाभर रोज काढा पिण्याची गरज नाही. बडीशेपेत एस्ट्रागोल नावाचं द्रव्य थोडं असतं. प्राण्यांना ते फार मोठ्या मात्रेत दिल्यावर यकृतात गाठी झाल्या होत्या. स्वयंपाकातल्या आणि मुखवासाच्या प्रमाणाला घाबरायचं कारण नाही.
- रंगीत, साखर लावलेली बडीशेप औषध म्हणून घेऊ नका.
- बाटलीतलं बडीशेपेचं तेल पोटात घेऊ नका. ते फार तीव्र असतं. फिट येणाऱ्या व्यक्तीनं तर मुळीच नको.
- गरोदर असाल किंवा तशी शंका असेल, अंगावर पाजत असाल, किंवा स्तनाच्या कर्करोगाचे उपचार चालू असतील, तर औषध म्हणून काढा घेण्याआधी डॉक्टरांना विचारा.

काढ्याबरोबर शेक द्या. पोट शेकणं हा आपल्याकडचा आणखी एक जुना उपाय, आणि त्याचा पुरावा बडीशेपेपेक्षा चांगला आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासात ओटीपोटावर सतत सौम्य उष्णता ठेवल्यावर आयबुप्रोफेनइतका आराम मिळाला. रबरी पिशवी नसेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा. चटका बसणार नाही एवढं पाहा.

गोळीची भीती

आता दुसरा प्रश्न. पाळीत दोन-तीन दिवस घेतलेल्या वेदनाशामक गोळीनं मूल व्हायला अडचण येत नाही. गर्भाशय ‘गरम’ होत नाही, सवयही लागत नाही. भीती बाळगायची ती दुसऱ्या गोष्टींची. ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गोळीनं दमा वाढण्याचा त्रास असेल तर घेऊ नका. पावसाळ्यात ताप असेल आणि डेंग्यूची शंका असेल तर पाळी दुखत असली तरी ही गोळी टाळा. २०२३ च्या अखेरीस भारताच्या फार्माकोपिया आयोगानं मेफेनामिक ॲसिडबद्दल सूचना काढली होती. क्वचित कुणाला या गोळीनं अंगभर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज अशी गंभीर ॲलर्जी होते. असं काही दिसलं तर गोळी बंद करून लगेच दवाखाना गाठा. दुकानातून आणलेली गोळी डॉक्टरांना एकदा तरी दाखवून घ्या.

आपल्या भागासाठी विशेष

डहाणू-तलासरीतल्या आदिवासी समाजात सिकलसेल आढळतो. सिकलसेलच्या मुलीला पाळीच्या दिवसांत अंगदुखीचा झटका येऊ शकतो आणि घरच्यांना ते पाळीचंच दुखणं वाटतं. शिवाय तिच्या मूत्रपिंडाला वेदनाशामक गोळ्यांचा जास्त धोका असतो. म्हणून घरात कुणाला सिकलसेल असेल तर मुलीची तपासणी करून घ्या. ती सरकारी दवाखान्यात होते.

दुसरी गोष्ट रक्ताची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्त कमी आढळलं. पाळीत जास्त रक्त जात असेल तर बडीशेपेच्या काढ्यानं ते भरून येणार नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनची तपासणी आणि लोहाच्या गोळ्या लागतात.

तिसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यात आरोग्य खात्यानं सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. कामाचा खाडा परवडत नाही, पाळीचा त्रास वेळेवर तपासला जात नाही, आणि शेवटी पिशवीच काढून टाकली जाते. आपल्याकडची कुटुंबंही वीटभट्टीवर, बांधकामावर स्थलांतर करतात. सोसत राहण्याचा शेवट कुठे होऊ शकतो हे बीडनं दाखवलं आहे. कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायचा सल्ला दिला तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

काढा बाजूला ठेवून डॉक्टरांकडे कधी जायचं

- आधी न दुखणारी पाळी पंचविशी-तिशीनंतर दुखायला लागली.
- दुखणं दर महिन्याला वाढत चाललंय, किंवा पाळी संपल्यावरही राहतं.
- संबंधांच्या वेळी, शौचाला किंवा लघवीला जाताना दुखतं. मूल राहायला अडचण येतेय. एंडोमेट्रिओसिस या आजाराची ही लक्षणं असू शकतात आणि त्याचं निदान बऱ्याचदा काही वर्षं उशिरा होतं.
- ताप आणि घाण वासाचा स्राव आहे.
- दोन तासांच्या आत पॅड भिजतं, मोठ्या गाठी पडतात.
- पाळी चुकली होती आणि आता एका बाजूला जोरात दुखून रक्त जातंय, चक्कर येतेय. ही तातडीची वेळ आहे, गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.
- वयात आलेल्या मुलीची पाळी सुरूच झालेली नाही, पण दर महिन्याला पोट दुखतं.
- गोळी योग्य प्रकारे तीन पाळ्यांत घेऊनही शाळा किंवा काम बुडतंय. अशा वेळी बीज तयार होणं थांबवणाऱ्या संप्रेरकाच्या गोळ्यांचाही उपयोग होतो. त्या गर्भनिरोधक म्हणून ओळखल्या जातात, पण अविवाहित मुलीलाही उपचार म्हणून देता येतात.

डहाणूचं उपजिल्हा रुग्णालय किंवा तलासरीचं ग्रामीण रुग्णालय, तुम्हाला जवळ असेल तिथे जा. किशोरवयीन मुलींसाठी सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री’ क्लिनिक चालतं. गावातल्या आशाताईंना विचारलंत तर त्या दिवस आणि वेळ सांगतील.

बडीशेप डब्यात असू द्या. ती स्वस्त आहे, चवीला चांगली आहे आणि बेतानं घेतली तर थोडा आराम देते. फक्त तुमच्या मुलीनं ‘फार दुखतंय’ म्हटलं की काढ्याचा कप हातात देताना तिला हेही विचारा : किती दिवस, कुठे, आणि मागच्या महिन्यापेक्षा जास्त का? तिची उत्तरं एका कागदावर तारखेसकट लिहून ठेवा आणि येताना तो कागद घेऊन या. निम्मं निदान त्यावरच होतं.